बाबल आजोबांना न ओळखणारा पेटारा

दशावतारी नाटक दुपारी चारला सुरू व्हायचं होतं. साडेतीन वाजले तरी रावणाचा मुकुट पेटाऱ्यातच होता आणि पेटारा काही उघडायला तयार नव्हता.

"क्षमा करा, आपली ओळख पटत नाही," तो अकराव्यांदा म्हणाला. बोलणं मात्र जावयाशी बोलावं इतकं गोड.

"माझो पेटारो माकाच वळखणा नाय," बाबल आजोबा हताशपणे म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी रावण गाजवला होता. मुकुट त्यांच्या गुरूंचा. तो चोरीला जाऊ नये म्हणून तर त्यांच्या शास्त्रज्ञ लेकीनं, म्हणजे नात गोजिरीच्या शलाका आत्यानं, पेटाऱ्याला सन २०५२ चं नवंकोरं चेहरा-कुलूप बसवलं होतं.

"बाबा, चेहरा नोंदवलात कधी?" आत्यानं विचारलं.

"परवा. नाटक संपल्यार."

"रंग पुसून?"

आजोबा आढ्याकडे बघू लागले. दहा वर्षांच्या गोजिरीला सगळा घोटाळा कळला. पेटारा आजोबांना ओळखतच नव्हता, तो ओळखत होता रावणाला. आणि रावण व्हायचा रंग कुठे, तर पेटाऱ्यात.

"पण आजोबांचं नाक तेच आहे ना?" ती म्हणाली.

"कुलूप फोटो बघत नाही, मापं घेतं," आत्या म्हणाली. "डोळ्यांमधलं अंतर, भुवयांची जाडी, नाकाची लांबी. त्यांचे आकडे करून जुन्या आकड्यांशी ताडून बघतं. रंगानं भुवया जाड दिसल्या, की आकडे बदलले. याला जैवओळख (शरीराच्या खुणांवरून पटवलेली ओळख) म्हणतात. आकडे रोज थोडे बदलतातच, म्हणून एक उंबरा (कुलूप उघडायला लागणारे शंभरपैकी किमान गुण) ठरवलेला असतो. इथे तो नव्वदचा आहे."

गोजिरी स्वयंपाकघरातून कुंकू, खोबरेल आणि काजळ घेऊन आली. आजोबांच्या गालांवर आणि भुवयांवर तिनं मन लावून रावण रंगवला. गुण पडले चौऱ्याऐंशी. आत्यानं मोबाइलवरून उंबरा ऐंशीवर आणला.

तेवढ्यात पखवाजवाले भिवाकाका उरलंसुरलं कुंकू-काजळ तोंडाला फासून, गंमत म्हणून पेटाऱ्यासमोर वाकले.

"या, बाबलराव," पेटारा म्हणाला आणि उघडला.

सगळे पोट धरून हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी मुकुट उचलून छातीशी धरला. "म्हणजे कोणीय येवन न्हेतलो," ते हळूच म्हणाले. गोजिरीला फार वाईट वाटलं.

आत्याही ओशाळली. "चूक माझी. उंबरा उंच ठेवला तर घरचा माणूस बाहेर, खाली आणला तर चोर आत. शिवाय किल्ली चोरीला गेली तर कुलूप बदलता येतं, पण चेहऱ्याची कोणी नक्कल केली तर दुसरा चेहरा आणायचा कुठून?"

"मग नुसत्या चेहऱ्यावर भरवसा ठेवायचाच कशाला?" गोजिरी म्हणाली. "किल्लीही लावूया. दोन्ही जुळलं तरच उघडायचं."

"नाटक संपलं की लगेच बसवते," आत्या म्हणाली. नाटक पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालं, पण रावण असा काही गरजला की मांडवातली पोरं आयांच्या पदराआड लपली.

संध्याकाळी आजोबांनी तोंड खसखसून धुतलं, चेहरा नव्यानं नोंदवला आणि नव्या कुलपाची पितळी किल्ली गोजिरीच्या हातावर ठेवली.

"तोंड माझा, चावी तुझी. आता तुझ्याशिवाय रावण होवचो नाय."

"मोठी झाले ना, की रंगाखालचा माणूस ओळखणारं कुलूप करीन मी," गोजिरी आत्याला म्हणाली.

"कर," आत्या म्हणाली. "तोवर किल्ली हरवू नकोस."