नऊ नंबरवर कोण बसलंय?

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मला वाद घालायचा नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते, भूतखेत कुणी मानत नाही. मीही मानत नाही. तरी हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. माझे बाबा त्यातून सुटले की नाही, एवढंच मला अजून कळलेलं नाही. तीच रुखरुख आहे.

१९९२ चा नोव्हेंबर. शनिवार. लोअर परळ. दुपारचे तीन.

हो, भर दुपारी! भुतांना रात्रपाळीच असते असं कुणी सांगितलं?

ब्याऐंशीच्या संपानंतर बंद पडलेल्या एका गिरणीचं रिंग खातं, म्हणजे सूत काढायचं खातं, एका कंपनीने भाड्याने घेतलं होतं. मध्ये एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली आठ टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. आम्ही आठ जणी दिवसभर त्यावर फॉर्म भरायचो. मी त्यातली जुनी, म्हणून संध्याकाळी सिस्टिम बंद करायचं काम माझ्या गळ्यात.

नियम साधा होता. बंद करायच्या आधी आत कोण कोण आहे ते बघायचं. कमांड दिली की यादी यायची. नाव, टर्मिनलचा नंबर, कधीपासून बसलाय ती वेळ. कुणी राहिलं असेल तर आधी त्याला मोकळं करायचं. नाहीतर त्याचं अर्धवट काम वाया जायचं.

शनिवारी मुली दोनलाच पळायच्या. खोलीत मी एकटी. यादी मागवली.

दोन ओळी आल्या.

एक माझी.

दुसरी... कुशाबा. टर्मिनल नऊ. सकाळी सातपासून.

आमच्याकडे नववं टर्मिनल नव्हतंच.

मला रागच आला. म्हटलं, कुणीतरी टवाळी करतंय. ती ओळ काढून टाकली आणि यादी परत मागवली.

तो परत आला होता... वेळ तीच. सात.

मग ऐकू आलं. एसीच्या आवाजाच्या खालून... दुसरी एक घरघर. ती कानाला कमी आणि तळपायाला जास्त कळत होती. आणि कापसाचा वास.

मी धावतच वॉचमनकडे गेले. दगडूमामा पूर्वी याच खात्यात कामाला होते.

"मामा, इथे कुशाबा नावाचं कोण आहे?"

त्यांची विडी हातातच राहिली.

"हे नाव तुला कुणी सांगितलं गो?"

"स्क्रीनवर आलंय. नऊ नंबर."

"नऊ नंबरच्या मशीनवरच होता तो. पहिल्या पाळीला, सात ते तीन." मामांनी विडी विझवली. "आणि तीनपासून त्याच मशीनवर तुझा बाप. जोडीदार होते दोघे."

बाबा याच गिरणीत होते एवढं ठाऊक होतं, पण हे मला माहीतच नव्हतं.

"सोमवारी संप लागणार होता," मामा म्हणाले. "आदल्या शनिवारी तुझा बाप आलाच नाय. कुशाबा बोलला, जोडीदार येईल, तोवर मशीन कसं सोडू? धागे तुटतील. उपाशीपोटी दुसरी पाळीपण ओढली त्याने. रात्री पाळी सुटल्यावर गेटाबाहेर कोसळला, तो उठलाच नाय."

मी तडक भोईवाड्याला घरी आले. संपानंतर बाबा कधी त्या गेटाकडे फिरकले नव्हते. मला वाटायचं, मालकावरचा राग असेल.

सगळं सांगितलं.

"परळ डेपोत होतो मी," ते म्हणाले. "गावच्या एसटीच्या लायनीत. म्हटलं, संप तर होणारच. आज गेलो काय न् नाय गेलो काय."

मग त्यांनी विचारलं, "अजून बसलाय?"

"हो, बाबा."

त्यांनी चपला घातल्या.

ऑफिसात आता सगळं नवीन होतं. पार्टिशन, गालिचा, खोटं छत. मशीन कुठे उभं होतं याची खूणही उरलेली नव्हती. तरी बाबा कुणाला न विचारता सरळ चालत गेले आणि स्टेशनरीच्या कपाटापाशी थांबले.

खात्यात मशीनच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून पाळी बदलताना येणारा माणूस जाणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. तो हात पडल्याशिवाय कुणी मशीन सोडायचं नाही.

बाबांनी हात पुढे केला.

हात हवेत अडला... कशावर तरी टेकल्यासारखा.

"कुशाबा, लय उशीर झाला रे. मी आलो. जा तू."

मी यादी मागवली. कुशाबा गेला होता! मला रडूच फुटलं.

मग खालची ओळ दिसली...

उत्तम. टर्मिनल नऊ. दुपारी तीनपासून.

उत्तम हे माझ्या बाबांचं नाव. घड्याळात तेव्हा साडेचार वाजले होते.

"गेला काय गो?" बाबांनी मागून विचारलं.

"गेला, बाबा."

दुसऱ्या ओळीचं मी सांगितलं नाही. त्या रात्री बाबा घोरत झोपले. दहा वर्षांत मी त्यांना तसं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मग कुठल्या तोंडाने सांगणार?

नंतर दर शनिवारी ती ओळ यायची. मी तिच्याकडे न बघता सिस्टिम बंद करायचे.

मार्चमध्ये बाबा वारले. झोपेतच.

पुढच्या शनिवारी मनाशी म्हटलं, आता तरी ओळ येणार नाही. आता तरी ते मोकळे झाले असतील.

उत्तम. टर्मिनल नऊ. तीनपासून.

मी उठले. कपाटापाशी गेले. हात पुढे केला...

खांदा लागला.

बुशकोटाचं कापड. आत ऊब. हाताखाली ते दमल्यासारखं हळूहळू वरखाली होत होतं. "बाबा, मी आले, तुम्ही जा," एवढंच म्हणायचं होतं. लेकीने दुसरं काय करायचं असतं?

पण घरी माझी दीड वर्षांची पोर होती. मला सोडवायला पुढे कोण येणार? तीच ना?

मी हात काढून घेतला.

घरघर तशीच चालू राहिली. सोमवारी मी राजीनामा दिला.

पुढे ती कंपनी गेली, कॉम्प्युटर भंगारात गेला, गिरणीही पाडली. तिथे आता काचेची उंच इमारत आहे. मी हिंदमाता सिनेमाच्या पुढे त्या रस्त्याला जात नाही. लोक म्हणतात, मशीनच नाही तर माणूस बसेल कशावर? असेलही तसं. पण मी हात काढून घेत होते तेव्हा हाताखाली तो खांदा वळला होता... माझ्याकडे.