वरच्या पोस्टमनचं माप

त्या दिवशी सकाळी उतरलेलं धुकं दुपार झाली तरी हलेना. समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती. दुकानात दिवा लावून मी मुलीच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसलो होतो.

मी शिंपी. शाळेची पायरी चढलो नाही. गिऱ्हाइकांची मापं बायकोच वहीत लिहायची. चार अक्षरं मला शिकवली तीही तिनंच. ती जाऊन दोन वर्षं झाली आणि आता वहीतली शाई उडत चालली होती. शाई गेली की तिचं सगळंच गेलं. म्हणून या वयात फोनवर मुलीकडून कोडिंग शिकत होतो. नाव टाकलं की माप दिसावं, खाली एकूण गिऱ्हाइकांचा आकडा यावा, एवढंच.

पण ते यंत्र म्हणजे डोक्याला ताप. पंखा भणभणायचा, पडदा मध्येच गोठायचा, आणि सगळं लिहून झालं की तांबडी ओळ.

“बाबा, ओळीआधी पुन्हा जागा सोडलीस ना?”

“शिलाईआत दाबाचं जास्तीचं कापड सोडायला नको? उद्या उसवायची वेळ आली तर?”

“ते कापड नाहीये, बाबा. काढ ती जागा.”

चाळीस गिऱ्हाइकं, चाळीस ओळी. एकेक जागा पुसत बाराव्या ओळीशी आलो आणि लॅपटॉप आपोआप बंद. वैतागून झाकण मिटलं. चहा प्यायलो. पुन्हा उघडलं.

सगळ्या ओळी कडेला सरळ लागलेल्या. मी जास्त दाब सोडला की बायको असाच कापून टाकायची, काही न बोलता.

प्रोग्राम चालला. एकूण : एकेचाळीस.

बोटांवर मोजलं. शेवटची ओळ माझी नव्हती. पुसली, तर परत आली. लॅपटॉप बंद करून उघडला, तरी ती तिथंच.

“किती छळशील रे,” मी त्याला म्हणालो.

ती ओळ अशी होती : ‘वरचे पोस्टमन. छाती अडतीस. डावा खांदा एक बोट खाली.’

बोटानं माप फक्त तीच सांगायची... दुकानात गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास आला. इस्त्री तर आज लावलीच नव्हती.

दारावर टकटक झाली. धुक्यातून एक अनोळखी माणूस आत आला. काखेत कापड, डावा खांदा किंचित उतरता.

“परवाच वरच्या मजल्यावर राहायला आलोय, काका. टपालात असतो. शर्ट शिवायचाय.”

मी टेप उचलली. “माप...”

“ते झालं की. काकूंनी काल जिन्यातच घेतलं. म्हणाल्या, आता फक्त आमच्या ह्यांचंच माप राहिलंय.”