‘कानोसा’त माझं नाव नाही

बासष्ट सालचा श्रावण. परतवाड्याहून अमरावतीला येणारी एसटी गळत होती, आणि एक गृहस्थ एकुलत्या एका कोरड्या जागेवर कागदांचा गठ्ठा बसवून स्वतः उभे होते! मी भिजतेय आणि कागद ऐटीत!

“उचला ते,” मी म्हटलं.

त्यांनी निमूटपणे गठ्ठा छातीशी धरला, मला जागा दिली, वर त्यातला एक अंकही दिला. फुकट.

असे भेटले कमलाकांत. शाळेत मास्तर. अमरावती-अकोल्यात कुठलं भजन रंगलं, कुणाची बैठक फसली, ते लिहून, सायक्लोस्टाइलवर काढून गावभर वाटायचे. पत्रिकेचं नाव ‘कानोसा’. वर्गणी नाही, जाहिरात नाही, कुणाची भीडही नाही.

मी गाते हे कळल्यापासून ते माझ्या प्रत्येक गाण्याला येऊ लागले. पहिल्या रांगेत, डोळे मिटून… आणि मी मान वळवली की एकदम उघडून! पण अंकात? माझ्याआधी गायलेल्या सुभद्राबाईंवर अर्धं पान. पेटीवाल्यावर चार ओळी. माझं नाव — नाही. पुढच्या अंकातही नाही!

इतकी वाईट गाते मी? मग येतात कशाला? आणि जाताना “घसा जपा हं” म्हणत ज्येष्ठमध का देतात? माझी मती गुंग झाली. त्यात अकोल्याच्या संमेलनाचे लोक नवे गवई ‘कानोसा’ वाचूनच बोलवायचे. बाबांनी तर बजावलंच होतं, “यंदा अकोल्याचं बोलावणं आलं तर गाणं, नाहीतर मी बघेन त्या मुलाशी लग्न.”

शेवटी एका बैठकीनंतर, तबला आवरणाऱ्या खुशालरावांसमोरच मी त्यांना अडवलं. “माझ्यावर का लिहीत नाही हो?”

“ते… नियम आहे.”

“कसला?”

त्यांचे कान लालबुंद.

“सांगून टाका ना मास्तर, काहून लपवून राहिले?” खुशालराव हसले. “बाई, घरच्या माणसावर लिहीत नाई हे. सख्ख्या भावाच्या बासरीवर बी एक ओळ नाई लिहिली यायनं.”

“मी कुठे घरची?”

“अजून नाही…” कमलाकांत पुटपुटले. “म्हणजे — तुम्ही हो म्हणालात तर.”

आनंदानं उडी मारू की पाय आपटू? लिहिलं तर मी परकी, नाही लिहिलं तर माझं गाणं सुटलं, वर भलत्याच घरी रवानगी!

“लिहा,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “बरं.” घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

पुढचा अंक त्यांनीच घरी आणून दिला. ‘चारुशीलाबाई. आवाज खणखणीत. तान घाईची. पण अकोल्यानं बाईंना ऐकलंच पाहिजे.’

“घाईची?” मी भडकले. “एवढ्या दिवसांनी लिहिलंत, ते हे?”

“मी नाही लिहिलं. खाली बघा.”

खाली छापलं होतं : संपादक, खुशालराव.

“आणि तुम्ही?”

“सोडला ‘कानोसा’. नियम मोडवेना, आणि तुमचं गाणंही… हा अंक आधी अकोल्याला धाडला, तिथून निरोपही आलाय. बोलावलंय तुम्हाला.”

“वेडे आहात का? जीव होता तुमचा त्यात!”

“होता,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघतच राहिले.

तानेचा राग, त्यांची कणव, अकोल्याचा आनंद — सगळं एकदमच डोळ्यांतून वाहायला लागलं. मला माझंच काही कळेना.

“बाबा आत बसलेत,” मी म्हटलं. “त्यांना सांगायचंय, मला गाणंही हवं आणि तुम्हीही. चला ना आत… मला एकटीला नाही हो सांगता येणार.”