शर्यतीची नाव

देवाजी उंदीरवाडे मूल गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. १९८३च्या हिवाळ्यात त्यांनी जाफरभाईंच्या लाकूड डेपोतून एक जुनी शिडाची नाव विकत घेतली. सागवानी, अरुंद, पाण्यावर सुरीसारखी चालणारी.

एका इंग्रज इंजिनिअरने ती मुंबईहून रेल्वेने आणवली होती. आसोलामेंढ्याच्या तलावावर साहेबलोकांच्या शर्यती व्हायच्या, त्यात ती कधी हरली नाही म्हणे. साहेबानंतर ती चांद्याच्या एका ठेकेदाराकडे गेली, मग बल्लारपूरच्या एका खाण मॅनेजरकडे, मग डेपोत. इतकी देखणी नाव कोणीच फार दिवस का ठेवली नाही, ते कोणी सांगेना.

"दोघांची नाव आहे सर," जाफरभाई म्हणाले. "तुमी एकटेच जात जा."

देवाजींना वाटलं, भाई वजनाचं बोलून राह्यले.

दर रविवारी ते तलावावर जाऊ लागले. वारा शिडात भरला की नाव एका अंगाला कलायची. तोल सांभाळायला नावेच्या उलट्या काठावर जाऊन बसावं लागतं. पण एकदा जोराचा झोत आला, देवाजी सुकाणूपाशीच होते, आणि नाव आपोआप सरळ झाली. त्यांनी तिला किनाऱ्यावर ओढून पालथी घातली, तळ ठोकून पाहिला. कुठे वजनासाठी बसवलेलं शिसं नाही, लोखंड नाही. नुसतं लाकूड. नवल वाटलं, पण आनंदही झाला.

म्हणूनच ते बायकोला, सत्यशीलाला, घेऊन गेले. तिला पोहता येत नव्हतं. ती मधोमध, खाली फळीवर बसली. ऊन कोवळं होतं, पाणी हिरवंगार.

तलावाच्या मध्यावर वारा फिरला. नाव कलली, पाणी काठावरून आत आलं.

"वरच्या अंगाले बस! लवकर!" देवाजी ओरडले.

सत्यशीला धडपडत काठापाशी गेली. तिथेच अडली.

"जरा सरका ना," ती म्हणाली.

देवाजी तर मागे सुकाणूपाशी होते.

नाव किंचित हलली. सत्यशीला बसली. नाव सरळ झाली.

"कोनाले म्हनलं तू?"

परत येईपर्यंत ती अंग चोरून बसली होती, दाटीच्या बसमध्ये बसतात तशी.

किनाऱ्याला लागल्यावर ती उतरली, मग देवाजी उतरले. रिकामी नाव पाण्यात तशीच खोल बसलेली.

"चाल घरी," ते म्हणाले.

"थांबा."

सत्यशीलाने वाकून दोन्ही हातांनी नावेचा काठ घट्ट धरला, म्हातारं माणूस उतरताना धरतात तसा.

नाव चार बोटं वर आली.

मग तिने हात सोडले.