पाच रेघांची गोळी

पोचूच्या डोक्यातून काढलेली गोळी सकाळीच पुडीत बांधून आली. सोबत फौजदार देशकरांची चिठ्ठी : ‘सुकलूच्या रायफलीशी जुळते, असा अहवाल आजच द्या.’

जंगलातल्या त्या पोलीस चौकीची हत्यारं हवालदार श्रावणच्या ताब्यात होती. साल चौऱ्याऐंशी, पण चौकीत अजून दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईतल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच. तो तीन दिवस वरोऱ्याला लग्नाला गेला होता. तेवढ्यात हे घडलं. सागवानाच्या चोरट्या ट्रकांची तक्रार द्यायला पोचू चंद्रपूरला निघाला होता. तीनशे पावलांवरून एकच गोळी आली. दुसऱ्या दिवशी देशकरांना सुकलूच्या घरामागे तणसाच्या ढिगात रायफल सापडली.

श्रावण कोठडीपाशी गेला.

“रायफल कुठून आणली?”

“मले नाई माहीत, भाऊ.” सुकलूचे ओठ सुजले होते.

“पोचूशी भांडण व्हतं?”

“भाचा व्हता माहा. काऊन मारीन त्याले?”

श्रावणने गोळीवर भिंग धरलं. नळीतल्या प्रत्येक खाचेची गोळीवर एक रेघ उमटते. इथे पाच रेघा. सुकलूकडच्या रायफलीचा बोल्ट काढून नळी उजेडात धरली. आत दोनच खाचा. अंगावरचा नंबर खरवडलेला. बोल्टवरचा मात्र शाबूत. मग त्याने चौकीतल्या साऱ्या नळ्या तपासल्या आणि शेवटी कोपऱ्यातली कुलूपबंद पेटी उघडली.

दुपारी खुनाच्या चौकशीला चंद्रपूरहून मोठे साहेब आले. देशकर शेजारीच बसले होते.

“साहेब, ही गोळी सुकलूच्या रायफलीची नाही,” श्रावण म्हणाला. “लढाईच्या घाईत या नळ्यांना दोनच खाचा पाडल्या. गोळीवर रेघा पाच आहेत. चौकीत पाच खाचांची रायफल एकच, नेमबाजाची. वर दुर्बीण, दस्त्यावर गाल टेकायला लाकूड. मी तिला तेल लावून पेटीत ठेवली होती. आज नळीत काजळी आहे.”

“पेटीच्या चाव्या?”

“दोन. माझी माझ्यासोबत वरोऱ्याला होती. दुसरी फौजदारसाहेबांकडे.”

“आणि तणसातली रायफल?”

“बोल्टचा नंबर आपल्याच मोडीत काढलेल्या हत्यारांच्या यादीत आहे. ती मोड ठेवायची खोलीही फौजदारसाहेबांच्याच ताब्यात.”

देशकरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “ट्रक मीच सोडत होतो,” ते म्हणाले. “पोचूने नंबर लिहून घेतले होते.”

“सुकलूला सोडा,” साहेब म्हणाले.

श्रावण धावतच गेला. सुकलू भिंतीकडे तोंड करून पडला होता. श्रावणने खांद्याला हात लावला. अंग गार पडलं होतं.

“पाणी मागून राह्यला व्हता,” पहाऱ्यावरचा शिपाई पुटपुटला. “देऊ नका म्हणे फौजदारसाहेब.”

बाहेर सुकलूची बायको बुधरी भाताचा डबा घेऊन उभी होती.

“सोडलं ना त्याले, भाऊ?”

“बाई...” श्रावण म्हणाला.

बुधरीने डबा खाली ठेवला आणि सुकलूला वाढायला वरच्या फडक्याची गाठ सोडू लागली.