निनावी पत्रातले साडेतीन

इरावतीच्या न्यायाधीशपदाच्या शपथविधीला एकच दिवस उरला होता, आणि तिच्याविरुद्ध आलेल्या निनावी पत्राची प्रत नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर पडली होती.

"मुलीला न विचारता बोलावलंय तुम्हाला," विलासराव म्हणाले. "ती म्हणते, तक्रार करणाऱ्याच्या मागे लागायचं नाही. पण पंधरा वर्षं घातली हो पोरीनं!"

अ‍ॅमस्टेलव्हीनहून आलेली खाजगी गुप्तहेर नीरजा गायधनी पत्रावरची नजर न हलवता म्हणाली, "सांगा ना, काका."

विलासरावांना तेवढंच हवं होतं. ते धाराशिवच्या कोर्टात पट्टेवाला होते. मुलगी पुण्यात वकील झाली, पुढं शिकायला लायडनला आली. इथं न्यायाधीश व्हायचं तर पदवी इथल्याच कायद्याची हवी, म्हणून डच शिकून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग कित्येक वर्षं कोर्टात निकालांचे मसुदे लिहिले. नागरिकत्व घेतलं, निवडीच्या चाळणीतून पार पडली, वरिष्ठांच्या हाताखाली प्रशिक्षण घेतलं. आता राजाच्या सहीनं नेमणूक झाली होती.

नीरजानं हातानं लिहिलेलं ते डच पत्र मराठीत वाचून दाखवलं. "तेरा तारखेला, शनिवारी, 'हाल्फ फीर' वाजता इरावती वाघमारे यांनी घरी पाहुण्यांना एका चालू भाडेकरू खटल्याचा निकाल आधीच सांगितला." ती थांबली. "हाल्फ फीर म्हणजे साडेतीन."

"मग खोटंच आहे! त्याच दिवशी मी भारतातून आलो. साडेतीनला आम्ही दोघं विमानतळावरून येणाऱ्या ट्रेनमध्ये होतो. घरी पोचलो सव्वाचारला."

"तेच खटकतंय. खोटं बोलणारा माणूस इतकी कच्ची वेळ का देईल? त्या दिवशी घरी कोण होतं?"

"तिघं होती. माझ्या स्वागताला चहा करून थांबली होती," विलासरावांनी सांगितलं. नीरजानं त्या तिघांना डचमध्ये एकच वेळ देऊन एकेक निरोप पाठवला: उद्याच्या समारंभाबद्दल बोलायचंय, घरी या.

स्वप्नाली साडेदहाला आली. ती कोर्टात डच-इंग्रजी दुभाषी.

"न्यायाधीशांच्या निवडीत मी दोनदा नापास झाले," ती सरळ म्हणाली. "इराचा हेवा वाटतो. पण पत्र लिहायचं असतं तर सही करून लिहिलं असतं."

हीच ती, विलासरावांनी मनाशी पक्कं केलं.

मागोमाग शेजारची मैत्री आली. बारा वर्षं इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी.

"चहाच्या वेळी भाडेकरूचा विषय निघाला होता?" नीरजानं विचारलं.

"हो, काकांनीच विचारलं, प्रशिक्षणात शिकवतात काय? तेव्हा इरानं प्रशिक्षणातला सरावाचा खटला सांगितला. ओल आलेल्या घराचा. सगळे ऐकत होतो. राकेश तेवढा फोन घ्यायला बाहेर गेला होता, शेवटी शेवटी आत आला."

राकेश आला तेव्हा बरोबर साडेअकरा वाजले होते. ब्रेडातल्या गोदामांच्या कंपनीत नोकरी, देशात येऊन दोन वर्षं.

"अगदी दिलेल्या वेळेला आलो," तो हसून म्हणाला.

तेवढ्यात इरावती कोर्टातून परतली. नीरजाला पाहून तिनं वडिलांकडं रागानं बघितलं, पण नीरजा बोलायला लागली होती.

"राकेश, मी निरोपात 'हाल्फ एल्फ' लिहिलं होतं, शब्दशः 'अर्धा अकरा'. या दोघी साडेदहाला आल्या, तुम्ही साडेअकराला. आपण साडेचार म्हणतो, म्हणजे चार वाजून वर अर्धा तास. डच माणूस हाल्फ फीर म्हणतो तेव्हा चार वाजायला अर्धा तास असतो. तुम्ही मराठी साडेचार डचमध्ये लिहिलेत, म्हणून साडेतीन झाले. स्वप्नाली आणि मैत्री ही चूक करणार नाहीत. साडेचारला इरावती इथं बोलत होती, आणि सरावाचा खटला आहे हे तुम्ही ऐकलंच नव्हतं."

राकेश खुर्चीत बसला. "माझाही खटला होता. मीही भाडेकरू, आणि तक्रार ओलीचीच. ताई म्हणाल्या, भाडेकरू हरणार, घरमालकाला लेखी कळवलंच नाही त्यानं. दोन आठवड्यांनी मी हरलो, त्याच कारणावरून. मला काय वाटायला हवं होतं? तक्रार मागे घेतो, ताई."

"नको," इरावती म्हणाली. "वेळ दुरुस्त करा आणि खाली सही करा. तुमची शंका रास्त होती. मी उत्तर देईन."

"इरा, चुकीच्या वेळेनंच तू सुटत्येस!" विलासराव कळवळले.

"घड्याळाच्या चुकीवर सुटायचं नाही मला, बाबा."

सगळ्यांसमोर तिनं कोर्टाच्या अध्यक्षांना फोन लावला. आपण साडेतीनला घरी नव्हतो, पण तक्रारदाराला साडेचार म्हणायचंय आणि तेव्हा होतो, असं स्वतःच सांगितलं. अध्यक्षांनी प्रशिक्षणाची कागदपत्रं मागवली. राकेशच्या खटल्याशी तिचा संबंध आला होता का, तेही तपासलं. तीन तास सगळे टेबलावरच्या फोनभोवती बसून होते. मग फोन आला. सरावाचा खटला जसाच्या तसा सापडला होता, राकेशच्या फाइलला तिनं कधी हातही लावला नव्हता. शपथ ठरल्या वेळीच होणार होती.

दुसऱ्या दिवशी काळ्या झग्यातली इरावती उजवा हात वर करून उभी राहिली. मागच्या बाकावर राकेशही होता.

शपथ डचमध्ये होती. अर्थ सांगायला नीरजा विलासरावांच्या कानाशी वाकली. लेकीवरची नजर न काढता त्यांनी हातानंच तिला थांबवलं.