कोऱ्या रकान्याचे वाचक

मेकनेस शहरातल्या त्या साप्ताहिकाचं चौथं पान दर बुधवारी संध्याकाळी मशीनवर चढे, आणि त्याआधी ओली मुद्रितं तपासायचं काम बतूलकडे असे. बतूल चोवीस वर्षांची. सातव्या वर्षी तिने साखरेच्या निळ्या वेष्टनावर पहिली गोष्ट लिहिली होती, तेव्हापासून तिचा हात थांबला नव्हता. शाळेतलं भित्तिपत्रक तिचं, मुलींच्या नाटकातले संवाद तिचे. आता हे छपाईच्या खिळ्यांचं, शाईचं घरही तिचंच होतं.

त्या बुधवारी पानावर तिचा स्वतःचा लेख होता, बा हमदवर.

बा हमद मोठ्या दरवाजासमोरच्या चौकात असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गोष्टी सांगायचा. ऑलिव्हच्या काठीने धुळीत गोल रेघ ओढायचा, लोक रेघेवर बसायचे. आत कुणी पाय टाकत नसे. गोष्ट ऐन रंगात आली की तो थांबे. सगळे तळवे उघडत, तो दुआ मागे, लोक ‘आमीन’ म्हणत, आणि उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या गोष्टीतल्या खेचरवाल्याने एका बंद घराच्या कडीवर हात ठेवला, तिथे तो थांबला. तळवे उघडे असतानाच पोलिसांची गाडी आली. त्याला उचललं, काठीसकट. कुठे नेलं, कुणी विचारलं नाही.

बतूलने विचारलं होतं. त्याचं नाव घालून, अर्धी गोष्ट जशीच्या तशी देऊन.

“वरून फोन आला, बाई,” संपादक सी तय्यिब म्हणाले. “लेख काढ. साबणाची जाहिरात लाव तिथे.”

“एक शब्द खोटा नाही त्यात.”

“म्हणून तर काढायचा! खोटा असता तर पहिल्या पानावर घेतला असता.”

खिळे जुळवणारा अल्लाल खाली मान घालून हसला आणि एकेक ओळ सोडवू लागला. खिळे खणात पडताना टपटप वाजत होते. बतूल ऐकत उभी राहिली. सी तय्यिब असरला गेले, तेव्हा तिने साबणाच्या जाहिरातीचा ठसा उचलून पिशवीत टाकला आणि रिकाम्या रकान्याखाली स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव जुळवलं.

“नोकरी जाईल, पोरी,” अल्लाल म्हणाला.

“जाऊ दे. भोक तरी दिसू दे लोकांना.”

पान तसंच छापलं गेलं. दोन रकाने पांढरे, खाली तिचं नाव.

गुरुवारी सकाळी ती कणकेचं ताट घेऊन गल्लीतल्या भट्टीवर गेली. भट्टीवाला मक्की फावडं टेकवून म्हणाला, “कडीवर हात ठेवून आम्हाला लटकवलंस की! बा हमदची चेली शोभतेस.”

“थट्टा पुरे, मक्की.”

“थट्टा कसली? वाचलं मी.” आणि त्याने काढून टाकलेल्या लेखातलं तिचं वाक्य म्हणून दाखवलं. श्वास घ्यायची जागासुद्धा तीच.

अल्लाल कुठेतरी बोलला असणार, तिने मनाशी म्हटलं. दुसरं काय?

कोपऱ्यावर वाटाण्याचं सूप विकणारी लाल्ला तामू वाटी पुसत म्हणाली, “कडी आतूनही कुणीतरी धरली होती, तिथे माझ्या अंगावर काटा आला बघ.”

बतूलने ते लिहिलं नव्हतं. बा हमदनेही सांगितलं नव्हतं.

घरी आई पेपर मांडीवर पसरून बसली होती. तिचा गुरुवारचा रोजा होता, ओठ सुकलेले. तिचं बोट पांढऱ्या रकान्यावरून उजवीकडून डावीकडे सरकत होतं.

“यम्मा, तुला वाचता येत नाही.”

“हे येतंय.” आईने वर पाहिलं नाही. “शुक्रवारी असरनंतर चौकात या, म्हणतोय.”

“कोण म्हणतोय?”

आईने बोट उचललं आणि पेपराची घडी घातली. “तुझंच नाव आहे ना खाली?”

बतूलने पेपर उन्हात धरला, खिडकीच्या काचेवर टेकवला. नुसता कागद.

शुक्रवारी चौकात दोनशे माणसं होती. रेघ कुणीच ओढली नव्हती, तरी सगळे अचूक गोल बसले होते. मध्ये मोकळी धूळ. पुदिन्याचा वास, तापलेली भिंत. बतूल आईशेजारी बसली.

एकाएकी सगळे हसले. एकाच क्षणी.

मग पुढे झुकले. बायकांनी ओढण्या आवळल्या. लाल्ला तामूने तोंडावर हात धरला. बतूलला मात्र गोष्ट सांगणारा कुठलाच आवाज ऐकू येत नव्हता.

“उठा! जमाव करायचा नाही!” वस्तीचा मुकद्दम जिलाली ओरडत आला. वर कळवणारा तोच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी उठलं नाही. मग तो बतूलसमोर वाकला. हातात पेपर होता, आवाज खाली आला होता.

“हे तू लिहिलंस?”

“का?”

“यात माझं घरचं नाव आहे. फक्त आई घ्यायची ते. अकरा वर्षं झाली तिला जाऊन.”

बतूलने त्याच्या हातातला रकाना पाहिला. पांढरा. ‘इथे काहीच नाही, मी काहीच लिहिलं नाही,’ एवढं म्हटलं असतं तर ती सुटली असती. नोकरीसुद्धा वाचली असती.

“हो,” ती म्हणाली. “शब्दन् शब्द माझा आहे. वाचा पुढचं. मोठ्याने.”

जिलालीचे ओठ हलले. “जिलाली खाली बसला.”

तो बसला.

“मुलगी उठली.”

ती आधीच उभी होती. कधी उठली, आठवेना.

“तिने काठी घेतली.”

बतूलने खाली पाहिलं. ऑलिव्हची काठी, मुठीजवळ जुनी चीर. बा हमदबरोबर गाडीतून गेलेली. तिच्या हातात.

“पुढे?” तिने विचारलं.

जिलालीने पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. “पुढे कोरं आहे.”

दोनशे चेहरे तिच्याकडे वळले. मक्की पुढे सरकून बसला.

बतूलने काठी टेकवली आणि धुळीत रेघ ओढायला घेतली. “खेचरवाल्याने कडी सोडली नाही,” ती मोठ्याने म्हणाली.

काठीची मूठ गरम होती. कुणाच्या तरी हातातून नुकतीच सुटावी तशी, घामाने किंचित ओलसर.